मुद्देमालाचा बाजार

पर्वरीच्या 'ओ कोकेरो' उपाहारगृहात ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजच्या मुसक्या बांधल्या, ही हकीकत गोमंतकात आजही चवीने सांगितली जाते. पुढे त्या उपाहारगृहात शोभराजचा पुतळाही उभा राहिला. पुतळा हा पुतळा आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. त्यात कोणाची फसवणूक नाही. परंतु उद्या कोणी संगणकाच्या पडद्यावर एक खुर्ची मांडून 'अटकेच्या वेळी शोभराज बसला होता तीच ही' असे जाहीर केले आणि खाली 'अस्सलपणाचा दाखला' जोडला, तर? खुर्ची काही साक्ष देत नाही. तिची किंमत शंभर रुपये की लाख, हे सर्वस्वी तिच्या गळ्यात अडकविलेल्या कथेवर ठरणार, आणि ती कथा विकणाऱ्यानेच लिहिलेली असणार.

आम्ही ही केवळ कल्पना लढविली आहे. अमेरिकेत मात्र असा बाजार प्रत्यक्ष भरतो. खुन्यांची पत्रे, त्यांनी तुरुंगात काढलेली चित्रे, त्यांचे केस, कापलेली नखे, एवढेच काय, गुन्ह्याच्या जागेवरची मूठभर मातीसुद्धा तेथे विकली गेली आहे. ह्यूस्टन येथील पीडितांच्या हक्कांचे कार्यकर्ते अँडी काहान यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि 'ईबे' या बड्या विक्रीपेठेने मे २००१ मध्ये असा माल आपल्या दारातून हद्दपार केला. त्याने धंदा बंद पडला नाही. केवळ याच मालाला वाहिलेल्या लहान दुकानांत तो सरकला. तेहतीस खून करणाऱ्या जॉन वेन गेसीने तुरुंगात रंगविलेली चित्रे त्याला १९९४ मध्ये देहदंड झाल्यावर विक्रीस निघाली, तेव्हा इलिनॉय राज्यातील दोघा गृहस्थांनी त्यांतली पंचवीसएक विकत घेऊन त्यांची होळी केली. त्याच्या बळींचे आप्त ती पाहावयास जमले होते. या बाजाराबद्दल पीडितांना काय वाटते, हे त्या होळीहून अधिक स्पष्ट आम्ही सांगू शकणार नाही.

खोट्या मालाचा रोग मात्र संगणकाच्या आधीचा आहे. १८८२ मध्ये मारला गेलेला दरोडेखोर जेसी जेम्स याला मिझुरीतील त्याच्या आईने प्रथम आपल्या घराच्या आवारातच पुरले. ही माता पाहुण्यांना पंचवीस सेंट घेऊन कबरीवरचे खडे विकी आणि खडे संपले की ओढ्यावरून नवे आणून टाकी, असे सांगतात. जुनी पिस्तुले स्वस्तात घेऊन तीही 'माझ्या जेसीची' म्हणून तिने खपविल्याची वदंता आहे. प्रत्यक्ष जन्मदात्रीचा दाखला जेथे असा, तेथे परक्या विक्रेत्याच्या रंगीत कागदाची काय मातब्बरी?

तज्ज्ञ नेमून तपासून घ्यावे, असे कोणी म्हणेल. हा उपायही वाटतो तितका भरवशाचा नाही. १९८३ मध्ये 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या कथित रोजनिशा नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजून घेतल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या अस्सल ठरविल्या होत्या. परंतु ताडून पाहण्यासाठी त्यांच्यापुढे ठेवलेल्या नमुन्यांतच कोनराड कुजाऊ या लबाडाच्या हातचे कागद मिसळलेले होते. खोट्याची परीक्षा खोट्याशीच झाली! अखेर जर्मन सरकारी प्रयोगशाळांनी कागद तपासला, तेव्हा महायुद्धानंतर वापरात आलेले शुभ्रक द्रव्य त्यात आढळले आणि बिंग फुटले. (पुढे कुजाऊ स्वतःची ओळख देऊन नकला विकू लागला, तर त्याच्याही नकलांच्या नकला बाजारात आल्या. चोरावर मोर ही म्हण आपण उगाच करून ठेवलेली नाही.) कागदाला निदान शाई असते, पत्राला टपालाचा शिक्का नि कैद्याचा क्रमांक असतो. मातीच्या पुडीला काय असते?

आमच्या मते खरा पेच याच्याही पुढचा आहे. वस्तू खोटी असेल तर घेणारा ठकला, आणि असल्या शौकिनासाठी आम्हांला फारसे अश्रू ढाळता येणार नाहीत. पण वस्तू खरी निघाली तर? रक्ताचा डाग पडलेला सदरा अस्सल असेल, तर तो खटल्याचा मुद्देमाल होता. खटला संपल्यावर मुद्देमाल परत द्यावा, सरकारजमा करावा की नष्ट करावा, याचा हुकूम न्यायालय देते. मग तो सदरा दुकानात आला कोणत्या हुकमाने? एक तर तसा हुकूम दाखवा, नाही तर मालखान्यातून तो कोणी पळविला ते सांगा. पत्र वा चित्र अस्सल असेल, तर मोबदल्याचा वाटा तुरुंगातील खुन्याच्या हाती गेला काय, हा प्रश्न उभा राहतो. न्यूयॉर्क राज्याने १९७७ मध्ये अशी कमाई अडविणारा कायदा केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला आणि राज्याला नव्याने कायदा करावा लागला. तात्पर्य, या व्यापारात अस्सलपणा हा विक्रेत्याच्या बाजूचा पुरावा नव्हे. तो त्याच्याविरुद्धच्या चौकशीचा आरंभ आहे.

रीतसर मार्ग अस्तित्वात आहे. टपालातून बाँब धाडणाऱ्या टेड काझिन्स्कीचा टंकलेखनयंत्रापासून डोक्यावर टोपी ओढायच्या सदऱ्यापर्यंतचा सारा संसार अमेरिकन सरकारने २०११ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संगणकीय लिलावात काढला. वस्तू जप्तीपासून सरकारच्या ताब्यात, म्हणून अस्सलपणाविषयी वाद नाही. आणि जमलेले दोन लाख डॉलरहून अधिक द्रव्य पीडितांसाठी. तोही लिलाव सर्वांना रुचला असेल असे नाही. आम्हांलाही तो पूर्णपणे रुचत नाही. पण तेथे कोण विकतो, कशाच्या जोरावर आणि पैसा कोठे जातो, या तिन्ही प्रश्नांना उत्तर होते.

सरकारी कागदही नीट वाचावा लागतो, हे मात्र विसरू नये. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत 'दाऊदची मोटार' म्हणून जुनी हिरवी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट लिलावात ३२ हजारांना गेली आणि घेणाऱ्याने गाझियाबादेत ती समारंभपूर्वक जाळली. हे मोटारीचे नमुने भारतात विकावयास आले १९९९ मध्ये. दाऊद तर १९८० च्या दशकातच देश सोडून पळाला होता. जप्ती खरी, लिलाव खरा. पण त्या गाडीच्या चाकामागे तो मुंबईत कधी बसला असेल काय, हे विचारण्याचे भान जाळणाऱ्यांना नव्हते नि टाळ्या पिटणाऱ्यांनाही नव्हते.

आपल्याकडे हा बाजार अद्याप फोफावलेला नाही, तोवरच बंदोबस्त व्हावा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी, स्वतःचा साठा विकणारी संस्था मालाच्या अस्सलपणाची हमी देत असेल तर तिच्यावर त्याची जबाबदारीही टाकली आहे. दुसऱ्यांचा माल मांडू देणाऱ्या विक्रीपेठांनाही, निदान गुन्ह्याशी संबंध सांगणाऱ्या वस्तूंपुरती, हीच जबाबदारी लागू करावी. न्यायालयाच्या विल्हेवाटीच्या हुकमाची प्रत जोडल्याखेरीज अशी वस्तू पडद्यावर चढताच कामा नये. आणि हुकूम नसताना ती चढली, तर पहिली नोटीस ग्राहक आयोगाची नव्हे, पोलीस ठाण्याची निघावी.