फलकाचा नियम सगळ्यांना एकच हवा

विनापरवाना फलक उतरवलेच पाहिजेत, या मताचा मी आहे. रस्ता सगळ्यांचा. तो अडवायचा हक्क पुढाऱ्याला नाही, तसा आपल्या मंडळालाही नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे. त्यात ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये सविस्तर निकालही दिला.

माझा प्रश्न अंमलबजावणीचा आहे. आमच्या गावात भीमजयंतीचा फलक दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेच्या गाडीत पडतो. त्याच चौकात ‘भावी आमदार’ महिनाभर खांबावरून हसत राहतात. कागदावरच्या नियमाला जात नसते. कोणाचा फलक आधी काढायचा हे ठरवताना ती येते. कलम १४मधली समानता इथेच, खांबापाशी मोडते.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. मंडळाची पोरं वर्गणी गोळा करतील, अर्ज तुम्ही लिहा. जागा, आकार, मुदत नमूद करा. शुल्क असेल ते भरा, पोच घ्या. परवानगीचा क्रमांक फलकावर छापा आणि मुदत संपताच फलक स्वतः उतरवा.

मग माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारा : या चौकात वर्षभरात परवानगी कोणाला दिली? काढले कोणाचे? गुन्हे कोणावर? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे ऐकून साहेब मान हलवतात. त्यांच्याच सहीची यादी समोर ठेवली, की त्यांना उत्तर द्यावे लागते.

जयभीम.