लॉग-इनची हजेरी आणि वॉर्डातले हात

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ऑनलाइन शिकवण्याचा प्रयोग यशस्वी झाला, असा दाखला स्वतःच स्वतःला देणाऱ्या संस्थाचालकांना आमचा साधा सवाल आहे : हे तपासले कोणी आणि कशावरून? वर्ग संपला की मोबाईलवर एक फॉर्म येतो. आवाज नीट आला का, बाईंनी वेळ पाळली का, वर्ग आवडला का? मुली ‘हो, हो, हो’ दाबून मोकळ्या होतात. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याच फॉर्मवर आपले नाव घालून ‘नाही’ कोण लिहील? आणि या होकारांची बेरीज म्हणजे म्हणे मूल्यमापन! ज्याच्या दंडात सुई जाणार त्या पेशंटला मात्र कोणी विचारीत नाही.

रेल्वे आणि टपालच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. आपल्या ट्रॅकमन आणि पोस्टमन बांधवांच्या किती मुली आज नर्सिंगला आहेत, ते प्रत्येक शाखेने एकदा मोजून पाहावे. शिवाय भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलात सलाईनसाठी हात पुढे करणारे आपणच आहोत.

आम्ही हे ऐकीव लिहीत नाही. फेडरेशनच्या कामानिमित्त दिल्लीला गेलो की सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत टपाल खात्यातील एका मराठी बांधवाकडे आमचा मुक्काम असे. त्यांची मुलगी दिल्लीबाहेरच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले आणि कॉलेज मोबाईलवर आले. घरात चांगला मोबाईल एकच, तो वडिलांचा. टपाल ही अत्यावश्यक सेवा, म्हणून वडील ड्युटीवर आणि मोबाईलही त्यांच्यासोबत. कर्ज काढून दुसरा घेतला, तर त्यावर धाकट्या भावाची शाळा नेमक्या त्याच वेळी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पोर कॅथेटर घालायला शिकली ती चित्रावरून. नाडी मोजायला शिकली आईच्या मनगटावर. मोबाईल फळीवर ठेवून भाजी चिरली तरी हजेरी पूर्ण, आणि नेट गेले की गैरहजर! फी मात्र पुरी घेतली, बसचे भाडेसुद्धा. बस कोणत्या रस्त्याने धावत होती ते त्यांनाच ठाऊक. यातली गंमत अशी की सफदरजंग हॉस्पिटल त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अँब्युलन्सचे भोंगे खिडकीतून ऐकू येत होते आणि मुलगी आत बसून पेशंटचे चित्र पाहत होती.

साथीच्या काळात दुसरा इलाज नव्हता, हे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार पुढची आहे. ३ मे २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्र सरकारने ठरविले की जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या अंतिम वर्षाच्या मुलींनाही देखरेखीखाली कोविड ड्युटी देता येईल. म्हणजे ज्यांचे वर्षभराचे शिक्षण पडद्यावर झाले, त्यांनाच वॉर्डात उभे करायचे! त्या मुली मागे हटल्या नाहीत, त्यांना आमचा सलाम. पण वर्षभरात कोणाचे कोणते काम शिकायचे राहिले, याचा हिशेब त्याआधी कोणी मांडला होता काय?

आपल्याकडे असे चालत नाही. लोको पायलटला सिम्युलेटरवर बसवतात, भुसावळला वर्गातही बसवतात. पण त्या सेक्शनवर दिवसा-रात्री रोड लर्निंग केल्याशिवाय आणि सक्षमता प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय गाडी त्याच्या ताब्यात देत नाहीत. सिम्युलेटर वाईट म्हणून नव्हे, चढावर मालगाडीचे वजन हाताला कळावे लागते म्हणून. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही १ क्रेडिट पुस्तकी विषयाला आठवड्याला १ तास, प्रयोगशाळेला २ तास आणि वॉर्डाला ४ तास धरले आहेत. बाकावरचा तास आणि वॉर्डातला तास एक नव्हे, हे भारतीय परिचर्या परिषदेलाही मान्य आहे.

दूरशिक्षणाला आम्ही आंधळा विरोध करीत नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ पासून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग चालविले. पण तिथे येणाऱ्या बायका आधीच नोंदणीकृत, नोकरीतल्या नर्स होत्या. हात तयार होते, पुस्तक घरपोच आले. आमच्या मुलींच्या बाबतीत पुस्तक आले, हात तयार व्हायचे राहिले. आता २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास कोणी तोंडावर फेकील. वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनने भरून काढले तरी निकाल बिघडत नाही, असे त्यात दिसले, हे खरे. पण तिथे पुरी साधने होती, बोलते-श्वास घेते डमी होते आणि प्रशिक्षित शिक्षक होते. त्याचा दाखला देऊन व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवणे म्हणजे तूप खाल्ले म्हणून रूप आले म्हणण्यातला प्रकार. इथे तर तुपाचा वाससुद्धा नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : आवडले का, शिकला का, कामावर वागणे बदलले का, आणि कामाचा निकाल सुधारला का. आमचे संस्थाचालक पहिल्या पायरीवर बसून गच्चीवर पोचल्याच्या आरोळ्या ठोकतात. २०२२ पासून टपाल खात्यात ‘डाक कर्मयोगी’ आले आहे. तिथेही किती जणांनी कोर्स पुरा केला एवढेच मोजून कोणी थांबत असेल, तर त्यालाही हेच विचारायला हवे.

तपासायचेच तर तपासाचा रस्ता तयार आहे. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली परीक्षापद्धत आहे : एकामागून एक टेबले, प्रत्येकावर एक काम, ठराविक वेळ, समोर तपासणारा. ऑनलाइन शिकलेल्या आणि वॉर्डात शिकलेल्या मुलींना अशा टेबलांवरून फिरवा. परीक्षक बाहेरच्या हॉस्पिटलचे असोत. सहा महिन्यांनी वॉर्ड सिस्टरला विचारा : औषधाच्या मात्रेत चुका किती, स्वतःला सुई टोचून घेतल्याच्या घटना किती? आणि त्याच कागदावर मोबाईल, डेटा आणि कर्जाचे व्याज यांचा रकानाही असू द्या. कारण ‘स्वस्त शिक्षण’ म्हणून जे मिरवले जाते त्याचा खर्च संस्थेने आमच्या पगारावर ढकलला आहे.

आमच्या शाखांनी दोन गोष्टी कराव्यात. ज्या सभासदांच्या मुली नर्सिंगला आहेत त्यांच्याकडून राहिलेल्या प्रात्यक्षिकांची यादी लेखी घ्यावी, कॉलेजचे नाव आणि वर्ष घालून. आणि येत्या पी.एन.एम.मध्ये रेल्वे हॉस्पिटलांचे वॉर्ड कर्मचाऱ्यांच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना, सिस्टरच्या देखरेखीखाली आणि कॉलेजच्या संमतीने, सुटीत सरावासाठी खुले करण्याचा विषय लावावा. याद्या सचिवांकडे पाठवाव्यात, अर्धवट असल्या तरी चालतील.