पॅब्युलम आणि पाठांतराचा चारा

तर मंडळी, या वीकेंडचा राग इंग्रजी शब्दांच्या याद्यांवर. जीआरईसाठी पोरं रात्र-रात्र जागून घोकतात ना, त्याच. 'पॅब्युलम'पुढे काय छापलेलं असतं? अन्न, पोषण. बास. चला, पुढचा शब्द.

हा अर्थ चूक असता तर परवडलं असतं, निदान कोणीतरी पकडला असता. तो अर्धवट आहे. शब्द मूळचा लॅटिन. 'पास्केरे' म्हणजे चारणे, त्यावरून पॅब्युलम म्हणजे गुरांचा चारा. 'पाश्चर' म्हणजे कुरण आणि 'पास्टर' म्हणजे मुळात मेंढपाळ, हे त्याच घरातले. (आपल्या 'गोप'मधला 'पा' पण यांचा लांबचा नातेवाईक बरं का!) पुढे माणसाचं, मग मनाचं खाद्य असाही अर्थ आला. इथपर्यंत यादी पास.

पण १९३० च्या सुमारास टोरांटोच्या बालरुग्णालयात टिस्डॉल, ड्रेक आणि ब्राऊन या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांसाठी आधीच शिजवून वाळवलेलं एक खाणं तयार केलं. मुडदूस वगैरे होऊ नये म्हणून. गहू, ओट, मका, हाडांची पूड, यीस्ट आणि चक्क लसूणघास! म्हणजे चारा शेवटी वाटीत आलाच :) नाव ठेवलं 'पॅब्लम', याच शब्दावरून. पौष्टिक एक नंबर, पण शेवटी बाळाची पेजच ती. त्या पेजेचा मिळमिळीतपणा मूळ शब्दालाही चिकटला. आज कुणाच्या लेखाला पॅब्युलम म्हणालात तर त्याचा अर्थ बिनतिखटामिठाचा, डोकं न लावता गिळायचा माल.

आणि आमच्या ओळखीतला एक पोरगा अर्जात लिहितो, 'आपल्या विद्यापीठाचं बौद्धिक पॅब्युलम मला हवं आहे.' यादीप्रमाणे शंभर टक्के बरोबर! वाचणाऱ्या प्रोफेसरला काय वाटेल ते तुम्हीच ठरवा.

यावर क्लासवाल्यांचं ठरलेलं उत्तर : 'मार्क मिळतात ना?' अहो, जीआरईने सुटे विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजी २०११ सालीच काढून टाकल्या. आता शब्द वाक्यातच विचारतात. फंक्शनचं नाव पाठ आहे, पण ते काय घेतं न् काय परत देतं ते माहीत नाही, असला कोड कंपाईल तरी होईल का?

शब्द निम्मे करा, पण प्रत्येकापुढे एक धड वाक्य छापा. पानं वाढतील म्हणता? वाढू देत की. फी काय कमी घेता?