चाकोरी कोणाची, वावर कोणाचं?



मागच्या महिन्यात बैठकीसाठी आम्ही डोंगरातल्या एका गुड्यावर गेलो होतो. गुड्याच्या वरच्या अंगाला चराईचा माळ आहे. त्या माळावर चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटलेल्या दिसल्या. ओल्या जमिनीत गाड्या वर-खाली, गोल गोल फिरवलेल्या. त्यानंतर आठ दिवस पाऊस झाला. पाणी चाकोरी धरून उतरलं, तिची घळ झाली आणि खालच्या वावरात मुरूम येऊन पसरला. तूर त्याच्याखाली गेली. त्या वावराच्या पट्ट्यासाठी त्या घराने किती वर्षं हेलपाटे घातले, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

गाड्या घेऊन आलेले शहरातले तरुण होते, सुट्टीत मौज करायला आलेले. पण वाट दाखवणारा पोरगा गुड्यातलाच होता. त्याला दोनशे रुपये मिळाले. आणि वावर त्याच्या सख्ख्या चुलत्याचं.

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

रस्ता सोडून रानात, डोंगरात गाडी घालायची, हा आता खेळ झाला आहे. त्यासाठी जीपा आहेत, उंच मोटारसायकली आहेत, आणि एटीव्ही नावाची गाडी आहे. तिला चार जाड, कमी हवेची चाकं आणि मोटारसायकलसारखं हँडल असतं. लोणावळा-पाचगणीकडे आणि कोकणच्या किनाऱ्यावर ती भाड्याने मिळते. आपल्याकडे अजून तुरळक आहे. पण सहस्रकुंडाला आणि माहूरला येणारी गर्दी वाढते आहे, म्हणजे हा खेळही येणार. आल्यावर ओरडण्यापेक्षा आधीच बसून ठरवलेलं बरं.

पाहुण्याला आपला विरोध नाही. गाडीलाही नाही. आपल्याही दारात मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे. प्रश्न एवढाच, की रानातली वाट कोणी ठरवायची?

पायवाट आणि चाकोरी यांत फरक आहे. पायवाट चढाला वळसा घेत जाते. चाक सरळ चढतं. वजनाने माती दबते, पाणी मुरायचं थांबतं आणि उताराने पळायला लागतं. पुढच्या वेळी तिथे चिखल असतो, म्हणून दुसरी गाडी बाजूने जाते. तिसरी आणखी बाजूने. दोन हातांची वाट दहा हातांची होते. आपल्या डोंगरावर मातीचा थर मुळात पातळ, खाली मुरूम आणि खडक. गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही. गवतात टिटवीची, तित्तिराची अंडी असतात, तीही चाकाखाली जातात. उन्हाळ्यात तापलेला सायलेन्सर वाळल्या गवताला लागला तर वणवा. तेव्हाच मोहफुलं आणि तेंदूपानाचा हंगाम असतो. म्हणजे एका घंट्याच्या मौजेत एका गावाची वर्षाची मिळकत जाऊ शकते.

आणि न्याय कसा आहे बघा. आपलं ढोर राखीव जंगलात शिरलं तर १९२७ च्या कायद्याने तो गुन्हा होतो. गाडी शिरली तर ते पर्यटन!

पण २००६ चा वनहक्क कायदा आपल्या हातात आहे. त्याचं कलम ५ गावात मोठ्याने वाचा. जिथे वनहक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला रान, जनावरं, पाणवठे राखायचा अधिकार त्यात दिलेला आहे. सामूहिक वनात कोणी यायचं, कसं यायचं, यावर नियम करायचा आणि रानाला बाधणारं काम थांबवायचा अधिकारही त्यात आहे. कलम ३(२) म्हणतं, की शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी वनजमीन घ्यायची तरी ती १ हेक्टरच्या आत हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. सरकारी शाळेला जर ग्रामसभेला विचारावं लागतं, तर मौजेच्या गाडीला का नको?

किनवट-माहूरकडच्या अनुसूचित गावांना पेसाचाही आधार आहे. इकडे बिलोली, देगलूर, मुखेडकडे पेसा नाही. पण वनहक्क कायदा इथेही लागू आहे. म्हणून सामूहिक दाव्याची फाईल जिथे अडली असेल, तिथे ती आधी हलवा. हक्क कागदावर आला की नियमाला वजन येतं.

काही जण म्हणतील, नियम केले तर पर्यटक येणार नाहीत, पोरांचा रोजगार जाईल. तसं होत नाही. माथेरानला पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. वर लोक पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेने जातात, आणि तरी गर्दी हटत नाही. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, गाड्या ठरल्या जागी लावते, फुलं पायी बघायला लावते. गावाच्या पोरांना त्यातूनच काम मिळतं.

उलट बाजूही बघा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडून कोंडून धरले. नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या गाड्या परवान्याच्या होत्या, सोबत वाटाडे होते. म्हणजे नुसता परवाना पुरत नाही. हात आवरणारा माणूस लागतो.

ग्रामसभेच्या ठरावात घेण्यासारख्या गोष्टी अशा :

१. ठरलेल्या गाडीवाटेबाहेर चाक घालायचं नाही. चिखल टाळायला नवी वाट पाडायची नाही.
२. पावसाळ्यात आणि जमीन ओली असेपर्यंत डोंगरावर गाडी नाही. मोहफूल-तेंदूच्या हंगामात नाही. रात्री नाही.
३. नाला ठरल्या उतारावरूनच, हळू आणि सरळ ओलांडायचा. पात्रातून गाडी पळवायची नाही, पाणवठ्यावर धुवायची नाही.
४. माणूस किंवा ढोरं समोर आली तर थांबून इंजिन बंद करायचं. देवस्थानाजवळ आणि मसणवटीजवळ गाडी न्यायचीच नाही.
५. एटीव्ही बहुतेक एकाच माणसासाठी असते आणि उतारावर उलटते. मागे लेकरं बसवायची नाहीत. हेल्मेट हवंच.
६. वाटाड्या गावचा, त्याचं नाव वहीत, मजुरी गावाने ठरवलेली. नुकसान झालं तर भरपाई आधी वावरवाल्याला.
७. हेच नियम आपल्या मोटारसायकलींना आणि ट्रॅक्टरला. लाकूड आणायला नवी वाट पाडणाऱ्या आपल्या माणसालाही.

सातवा नियम सगळ्यांत जड आहे. तो पाळला नाही, तर पहिले सहा कोणी ऐकणार नाही.

आणखी एक. वाटेवर तार किंवा दोरी बांधू नका, खिळे टाकू नका. त्याने माणूस मरतो आणि गुन्हा आपल्यावर येतो. वाटेच्या तोंडाशी पाटी लावा. कोणी मोडलं तर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा, ठरावाची नक्कल जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भांडण कागदावर करा. तिथे आपण आता कमी नाही.

निघताना आम्ही परत त्या वावरावर गेलो. चुलता आणि पुतण्या, दोघं मिळून घळीत दगडाचे आडवे बांध रचत होते. बोलत नव्हते. पण एकाने उचललेला दगड दुसरा घेत होता. येत्या ग्रामसभेत पाटी लावायचा ठराव तो पोरगाच मांडणार आहे.

तुमच्या गावात कोण मांडणार? ठराव झाला की आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.