सुरक्षेचे माप वाणसामानाच्या यादीत

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याकडे जाणाऱ्या याद्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांइतक्याच बोलक्या असतात. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या घरची यादी सहसा बदलत नाही. धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या घरी एक आजारपण आले, की आधी डाळ-तेल कमी होते, मग मुलांची शिकवणी सुटते. दोघांच्या उत्पन्नातील तफावत उघड आहे; पण खरा भेद उद्याच्या शाश्वतीचा आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नऊ जुने कायदे तीत सामावले. अ‍ॅपवरून घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांची कायद्याने प्रथमच दखल घेतली. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावयाची आहे. याचे स्वागतच केले पाहिजे.

वेतनाच्या नव्या व्याख्येमुळे हाती येणारी रक्कम घटेल, अशी कुरकुर मध्यमवर्गात ऐकू येते. भविष्य निर्वाह निधीतील कपात ही आपलीच पुंजी असते आणि तीत मालकाचीही भर पडते, हे विसरून कसे चालेल? हातातोंडाची गाठ जेमतेम पडणाऱ्या कामगाराची अडचण मात्र वेगळी आहे. एका हाताने निधीत भरायचे आणि दुसऱ्या हाताने सावकाराकडून उचल घ्यायची, ही बचत नव्हे.

२०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर दरमहा ३००० रुपयांची हमी आहे. हेतू उदात्तच, परंतु हा आकडा महागाईशी जोडलेला नाही. आज तिशीत असलेल्या कामगाराला तीस वर्षांनी त्यात किती दिवसांचे वाणसामान येईल? केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या २०२५ च्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत महागाई दिलाशाची तरतूद आहे. शासनाने स्वतःच्या सेवकांसाठी मानलेला न्याय असंघटितांना का नसावा? सरकार आपल्या विचारांचे असले, तरी हा प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्यच आहे.

मार्ग महाराष्ट्राने पूर्वीच दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार मालक मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरतो आणि अनेक मालकांकडे राबणाऱ्या हमालालाही भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, ते दूर करावेत. मूळ कल्पना मात्र सोडू नये.

कुटुंब हीच आपल्याकडील पहिली सामाजिक सुरक्षा, हे खरेच. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलावर वृद्ध आईवडील, मुले आणि कर्ज असा सारा भार टाकून संस्कृतीचे गोडवे गाणे हा दांभिकपणा ठरेल. निवृत्तिवेतनाच्या चार पैशांनी आजीचे औषध आणि नातवाची वही येते, कुटुंब टिकते. दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगारहित राष्ट्रहितापासून वेगळे मानले नाही. अंत्योदयाची कसोटीही हीच आहे. नोंदणीचे आकडे किती कोटींवर गेले, यापेक्षा आजारपणाच्या महिन्यातही त्या भगिनीच्या यादीत डाळ राहिली का, हे आपण पाहिले पाहिजे. आपल्या घरी काम करणाऱ्या भगिनीपासूनच ही चौकशी सुरू करू या.