कॅमेरा साधाच हवा

यंदा आमच्याकडे फिल्मवरच्या छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, ‘प्रत्येकाने आपला मॅन्युअल कॅमेरा आणावा.’ तास सुटताच व्हरांड्यात एकच गलका उडाला. कोणी म्हणे निकॉन, कोणी म्हणे कॅनन. दुसऱ्या तासाला दोघीजणी आल्याच नाहीत. किंमत ऐकूनच त्यांनी नाव काढून घेतले होते. त्यामुळेच हे लिहावेसे वाटले.

शिकणाऱ्याचा कॅमेरा असा असावा, की सारे हातानेच करावे लागेल. पेन्टॅक्स के १००० हा तसा आहे. १९७६ ते १९९७ या काळात तो बनत होता. शटर पूर्णपणे यांत्रिक. बटणाएवढा सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. आत डोकावले की बाजूला एक काटा दिसतो, तो मध्यावर आणायचा. बस्स! (मापक बंद करायला बटण नाही. लेन्सवर टोपण घातले तरच सेल टिकतो. विसराळूंनी लक्षात ठेवावे, असे एक विसराळूच सांगतो आहे.)

१९७६ मध्येच आलेला कॅनन एई-१ दिसायला राजबिंडा. पण सेल संपला की त्याचे शटर उघडतच नाही. २०२४ साली आलेला पेन्टॅक्स १७ तर प्रकाशाचा हिशोब स्वतःच करतो. सहलीला तो उत्तम. पण वर्गात चुकायचे ते आपण चुकायला हवे.

मी चुकलो. आजीला दारात उभी केली. तिच्या पाठीमागे अंगणात लख्ख ऊन होते. काटा बरोबर मध्यावर आणला, आणि रोल धुऊन आला तेव्हा अंगण सुरेख, आजी मात्र काळी ठिक्कर! “मी कुठं आहे रे यात?” तिने विचारले. काट्याला आजी कळत नाही, त्याला सारा उजेड सारखाच. पुढच्या रोलला तिच्या चेहऱ्याजवळ जाऊन प्रकाश मोजला, आकडे तसेच ठेवून मागे आलो आणि मग शटर दाबले. हे मला पुस्तकाने शिकवले नव्हते.

जुना कॅमेरा घेताना लेन्स उजेडाकडे धरून पाहावी. आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी लागते, ती कोळिष्टकासारखी दिसते. मागचे झाकण उघडून प्रत्येक वेगावर शटर दाबून पाहावे. सावकाश वेगांतला फरक कानालाही कळतो. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर तो बदलता येतो, तेवढ्यासाठी कॅमेरा नाकारू नये. लेन्स ५० मिलिमीटरची पुरे.

पण मुळात प्रत्येकाने कॅमेरा विकत का घ्यावा? क्रिकेटच्या संघात निवड झाली म्हणून कोणी घरून स्टम्प आणत नाही. महाविद्यालयाने एकाच जातीचे पाच-सहा कॅमेरे घ्यावेत आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे द्यावेत. एका रोलमध्ये ३६ चित्रे येतात. दोघांत १८-१८ वाटून घ्यावीत. एकाने चित्र घ्यावे, दुसऱ्याने वहीत आकडे टिपावेत. फिल्म महाग आहे, तेव्हा खर्चही निम्मा होईल. प्राचार्यांकडे तसा अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे.

तोवर एक सांगतो. माझा कॅमेरा मामाचा आहे आणि शनिवारी तो मला लागत नाही. त्या दोघींनी खुशाल मागावा. परत देताना टोपण तेवढे घालावे.