व्हाईट हाऊसचा रंग

४ नोव्हेंबर २००८. बराक ओबामा निवडून आले आणि शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये माणसं ढसाढसा रडली. आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांना वाटलं, चला, अमेरिकेतला वर्णद्वेष संपला!

पण मित्रांनो, जरा हिशोब मांडू. ओबामा जन्मले १९६१ मध्ये. तेव्हा त्यांच्या आईवडिलांसारखं काळ्या-गोऱ्यांचं लग्न तिथल्या कित्येक राज्यांत बेकायदा होतं. ते कायदे सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रद्द केले. काळ्यांच्या मतदानाच्या हक्काला खरं संरक्षण मिळालं ते १९६५ च्या कायद्याने. एका आयुष्यात केवढी ही मजल! ती नाकारायची नाहीच.

तरीही एक्झिट पोल सांगतात की २००८ ला गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनीच ओबामांना मत दिलं. आणि २०१३ मध्ये, ओबामा राष्ट्राध्यक्ष असतानाच, कोर्टाने त्याच १९६५ च्या कायद्याचं एक महत्त्वाचं कलम रद्द केलं. कारण काय, तर आता परिस्थिती बदलली!

थोडक्यात, खुर्ची एका रात्रीत जिंकता येते, मनं नाही. अर्थात, आपल्याकडच्या 'गोरी वधू पाहिजे' जाहिराती वाचून मी अमेरिकेला फार शिकवायला जात नाही!